तुमचा दुसरा फॉर्म

प्रिय आबाजी,

गेल्या शनिवारी तुम्हाला फोन लावला होता. चार-पाच महिन्यांनी! मानसीचा मेसेज आला होता, "येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी प्रबंध जमा करायचाय, एकदा तक्ते तपासायला येशील का?" एवढाच. पण मी बाबांच्या दुकानातून उठलो, मागच्या गोदामात गेलो आणि पहिला फोन तुम्हाला लावला. मानसीचं मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. मग "आबाजी, तिनं बोलावलं!" हे दुसऱ्या कोणाला सांगणार?

फोन तुमच्या शेजारच्या शोभाकाकूनं उचलला.

"कोन? अक्षय? तो कालेजचा पोट्टा?" मग म्हणाली, "आता फोन करून राह्यला का रे? बुढा जाऊन महिना होत आला."

म्हणून हे पत्र. आज तुमच्या वडनेरला जाऊन आलो. हिंगणघाटच्या बसस्टँडवर बसून लिहितोय, पुलगावला घरी जायच्या दोन गाड्या सोडून दिल्या. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आधी रागावू नका. नाही, रागवाच. तुम्ही माझ्यावर कधी रागावलाच नाहीत, तिथंच सगळं चुकलं.

मी नेमकं काय शिकतो, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. मी सांगायचो, समाजकार्याचं एम.ए. आहे, त्यात वृद्धांचं जीवन हा विषय. पहिल्याच आठवड्यात सरांनी आमच्या कानात कापूस घालायला लावला, चष्म्यांना व्हॅसलिन फासलं, बुटांत तुरीचे दाणे टाकले आणि तीन मजले चढायला लावले, हे सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसलात!

"म्हंजे म्हातारं व्हाची शिकोनी लावली काय रे? आमाले तं फुकटात भेटलं."

"आबाजी, तुमचा त्रास आम्हाला कळावा म्हणून."

"मंग तुरीचे दाने काढून घेतले का नाई संध्याकाळी?"

"घेतले."

"तं काय कळलं तुले?"



गेल्या थंडीत तुमच्या ओट्यावर पहिला फॉर्म भरला तेही आठवतं. मी पेन सरसावून विचारलं, "आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? फार, थोडे, की नाही?"

"च्या घेशीन?"

"आबाजी, हे उत्तर फॉर्मात नाही."

"मंग टाक नं फॉर्मात."

शेवटी तुम्ही 'थोडा' म्हणालात. एकटं वाटतं का याला 'कधी कधी'. सरांनी बजावलं होतं, म्हातारा माणूस पहिल्या भेटीत खरं बोलत नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत दुसरंच काही बोलताना बोलून जातो, तेव्हा कान उघडे ठेवा. तुमचं तसंच झालं. पुण्याहून लेकाचा फोन आला की तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, "मजेत आहो, तू काळजी नोको करू." फोन ठेवला की पाच-दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसायचात. मी ते बघायचो. वहीत लिहायचोसुद्धा. हुशार विद्यार्थी होतो ना!

दर शुक्रवारी मी येणार म्हणून तुम्ही सकाळीच दाढी करून, धुतलेला पायजमा घालून बसलेले असायचात. मी पाऊण तास तुमचं ऐकायचो आणि मग दीड तास तुम्हाला माझं ऐकवायचो. मानसीनं आज हिरवा ड्रेस घातला. मानसी माझ्या बाकावर बसली. मानसी माझ्याशी बोललीच नाही.

"कोन्या गावची हाय?"

"आर्वीची."

"तिले बोलला का?"

"नाही अजून."

"मंग मले काऊन सांगून राह्यला? मी का तुह्यं लग्न लावून देऊ?"

हसायचात आणि पुन्हा विचारायचात, "बरं, मंग काय झालं?" आबाजी, इतकं लक्ष देऊन माझ्या घरातसुद्धा कोणी माझं ऐकलेलं नाही. त्या सहा महिन्यांत कोण कोणाला भेट देत होतं, सांगा बरं?

आता ती गोष्ट.

आमच्या कामाची एक रीत होती. आधी फॉर्म, मग सहा महिने दर आठवड्याला भेट, मग तोच फॉर्म पुन्हा. दुसऱ्या फॉर्मात माणूस खचलेला दिसला तर त्याचं नाव वेगळ्या यादीत जातं. मग विद्यार्थी बदलो, कॉलेज सोडून जावो, त्या माणसाकडे दर आठवड्याला कोणीतरी जातंच. गरज पडली तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जातं. आणि माणूस सुधारलेला दिसला, तर फाइल बंद. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

वडनेरचे पाच फॉर्म माझ्याकडे होते. ते मानसीच्या प्रबंधात जाणार होते. चार मी नीट भरून आणले. तुमचा राहिला होता, कारण त्या शुक्रवारी मी वडनेरला आलोच नाही. सावंगीला गेलो. तिथल्या दवाखान्यात मानसीचं काम होतं, आणि बाहेरच्या टपरीवर दुपारी चहाला ती यायची.

ती आली ती रडवेली. नियमित भेटींनी एकट्या म्हाताऱ्यांच्या मनाला उभारी येते, असं तिला प्रबंधात दाखवायचं होतं, आणि फॉर्म तसं काही दाखवत नव्हते. म्हणाली, "आपण जातो, बोलतो, सहा-सहा महिने. आणि ते होते तिथंच आहेत रे! मग आपण करतो तरी काय?" डोळे पुसले. मग म्हणाली, "तुझा एक राहिलाय ना? तुझे लाडके आबाजी? ते तरी सुधारले असतील."

"खूप!" मी म्हणालो.

ती आत गेल्यावर मी बॅगेतून तुमचा कोरा फॉर्म काढला. आयुष्याबद्दल समाधान? फार. एकटं वाटतं? कधीच नाही. जेवण? नीट. झोप? गाढ. ग्लासातला चहा कोमट व्हायच्या आत मी तुम्हाला सुखी करून टाकलं. हातात दिला तेव्हा ती हसली. त्या हसण्यापायी मी आणखी दहा माणसं सुखी केली असती.

पण मला माहीत होतं, आबाजी! हे तुम्हाला सांगायचंय. मला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या शुक्रवारीच मी बघितलं होतं. दुपारचे तीन वाजले होते आणि शोभाकाकूनं सकाळी दिलेला डबा झाकलेला तसाच होता. तुमची दाढी वाढलेली होती. शुक्रवार असून! "जेवले का आबाजी?" विचारलं तर "झालं" म्हणालात. मी म्हटलं, चला, आणि मानसीचं पुराण सुरू केलं. ज्या गोष्टी बघायला मला वर्षभर शिकवत होते, त्या मी बघितल्या आणि नुसता बसून राहिलो.

तुम्ही तरी का नाही बोललात? "चूप बैस, माहं आयक" असं एकदा तरी का नाही ओरडलात माझ्यावर?

पुढं पंधरा दिवसांत सरांनी भर वर्गात मला विचारलं, "तुझं फील्डवर्क वडनेरला आहे की सावंगीला?" सगळा वर्ग हसला. मानसीही हसली. ती हसली नसती तर मी गिळून टाकलं असतं. डोक्यात सणक गेली, गळ्यातलं ओळखपत्र सरांच्या टेबलावर फेकलं आणि निघून आलो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच. आई रडली, बाबांनी दुकानात बसवलं. आता पाइप आणि खिळे विकतो.

तुमची फाइल बंद झालेली होती. माझ्या जागी वडनेरला जी मुलगी गेली, तिच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. असणार कसं? तुम्ही सुखी होतात ना!

तुमचे तीन फोन आले होते. मी 'वडनेर आबाजी' बघितलं आणि वाजू दिलं. काय सांगणार होतो? भांडून आलो म्हणून? पोरगी हसली म्हणून कॉलेज सोडलं म्हणून? वाटलं, थोडं जमू दे, मग तोंड घेऊन जाईन. तुम्हाला तेव्हा काय बोलायचं होतं, आबाजी? माझी चौकशी करायची होती की तुमचं काही होतं? हे मला आता कधीच कळणार नाही.

शोभाकाकूनं आज सगळं सांगितलं. अंगणातल्या टाक्यापाशी पाय सरकला. सकाळी सातला. कापूस वेचणीचे दिवस, सगळी गल्ली वावरात. ती स्वतः दीडला परत आली तेव्हा तुम्ही तिथंच पडलेले. साडेसहा तास! कंबरेचं हाड मोडलेलं. दवाखान्यात नेलं, तिथं नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

"पडाच्या आधीच अर्धे झालते रे," ती म्हणाली. "एका टाइमाच्या जेवनावर आलते. म्या डबा द्यावा अन् त्याईनं कुत्र्याले टाकावा. म्या म्हटलं दवाखान्यात चाला, तं म्हने कालेजवाले येतीन, त्याईच्या संगं जाईन. म्या म्हटलं, कोन येते आता कालेजचं? तं म्हने, त्याईचा नियम हाय, सोडत नाई ते कोनाले."

नियम मीच तुम्हाला समजावून सांगितला होता. ऐटीत.

आबाजी, मंगळवारी मी मानसीला भेटलो. कॉलेजच्या फाटकापाशी. तिला खरं सांगितलं.

"तू भरलास? मनानं?"

"हो."

"का पण?"

"तू रडत होतीस."

"मी तुला खोटं भरायला सांगितलं होतं?" ती इतक्या जोरात ओरडली की वॉचमन बघायला लागला. मग विचारलं, "आणि बाकीचे चार?"

"ते खरे आहेत."

"ते मी आता कशावरून मानू?"

ती चपलेनं माती उकरत राहिली. मग जवळ आली. आवाज अगदी खाली आला. "अक्षय, ते आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो? सांगितलंस तर तुझे पाचही फॉर्म बाद होतील, सर माझं सगळं परत तपासायला लावतील, माझं वर्ष जाईल. गप्प राहा ना. माझ्यासाठी." आणि तिनं माझा हात धरला.

दीड वर्ष मी त्या हाताची वाट बघत होतो. तुम्हाला माहीत आहे. फक्त तुम्हालाच माहीत आहे.

मी म्हणालो, "बघतो."

तीन दिवस खरंच बघत होतो. ती वाईट नाही हो, आबाजी. घाबरली आहे. तिचे वडील आर्वीला शिकवण्या घेऊन तिला शिकवतात. तिनं काहीच केलेलं नाही, केलं ते मी. मग शिक्षा तिला का? अन् तुम्ही तर खरंच गेलात. तुम्हाला काय फरक पडतो? तीन दिवस हे स्वतःला सांगितलं आणि आज सकाळी तुमचं घर तरी बघून येऊ म्हणून वडनेरची गाडी धरली.

बॅगेत एक कोरा फॉर्म पडून होता, कॉलेजातला. शोभाकाकूच्या ओसरीत बसून तो काढला. तिला म्हटलं, काकू, आबाजींचे शेवटचे महिने जसे होते तसे सांगा, मी लिहितो.

"आता कायले?" ती म्हणाली. पण बसली. कापसाची बोंडं सोलता सोलता एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. जेवण? एक वेळ, तेही टाकून. झोप? नाही, पहाटे तीनपासून खोकल्याचा आवाज यायचा. दिवसात किती माणसांशी बोलणं? तिच्याशी, तेही डब्यापुरतं. समाधान या प्रश्नाला ती बोंड हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "हे तं म्या त्याईले कधी इचारलंच नाई बाप्पा." ती जागा कोरी ठेवली.

शेवटचा प्रश्न होता, तुमच्याकडे नेमानं येणारं कोणी आहे का.

"लिही नं," काकू म्हणाली, "एक पोट्टा येत होता म्हना. त्याचं लय कवतुक सांगत होते."

मी लिहिलं, कोणी नाही.

आबाजी, खाली तारीख टाकली, उत्तरं कोणी दिली ते लिहिलं, सही केली. सोमवारी कॉलेज उघडायच्या आधी मी सरांच्या दाराशी असेन. आधीचा फॉर्म खोटा कसा भरला ते माझ्या तोंडानं सांगेन आणि हा देईन. मानसीला आज संध्याकाळीच फोन करून कळवणार आहे, तिच्या पाठीमागून काही करणार नाही. ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हे मला कळतं. इथं बसून मघापासून तेच गिळतोय. सर फॉर्म घेतील की हाकलून देतील, तिचं वर्ष वाचेल की जाईल, यातलं काहीच माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे, आणि तेवढा शब्द मी तुम्हाला देतो. सुखी माणसांच्या यादीत तुमचं नाव मी राहू देणार नाही.

तुमच्याकडे यायचं सोडलेला,
अक्षय