त्या संध्याकाळचं मटण

आबा,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या पहिल्या घरी तुम्ही आला होतात, त्या हिवाळ्याच्या तोंडावर एका बुधवारी मी तुम्हाला हरणाचं मटण खाऊ घातलं. तुम्ही कसलं आहे म्हणून विचारलंत, आणि मी नुसतं ‘मटण’ म्हणाले. आपल्याकडे कोंबडीचंही मटण, सशाचंही मटण आणि रानडुकराचंही मटणच, त्यामुळे शब्द खोटा नव्हता. पण नरो वा कुंजरो वा म्हणणाऱ्याला आपण काय बोलत नाही ते नीट माहीत असतं, तसं मलाही होतं.

आपल्या घरात हरीण चालत नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत. तुमच्या आजोबांनी गाभण हरणी मारली आणि त्या वर्षात घरातली दोन मुलं गेली, तेव्हापासून आपल्याकडे कुणी हरणावर बंदूक धरली नाही की त्याचा घास घेतला नाही. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, परसात चुलीपाशी बसून. अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही मारून आणलेला ससा शिजत असतो. तीन दगडांची चूल, बाहेरच राहणारं ते बूड जळलेलं भगुलं, आणि कचेरीतून आल्यावर कोट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेले तुम्ही. आई खात नसे, म्हणून तिच्या स्वयंपाकघरात मटण शिरत नसे, ते रांधायचं काम पुरुषांचं. मी मुलगी असून तुमच्या शेजारी बसते याबद्दल आजी कुरकुर करते आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करता. मी झाकण उचलायला गेले की माझ्या हातावर चापट बसते. रानातल्या जनावराला चरबी नसते, त्याची वाफ घालवू नये, असं तुम्ही म्हणता. हेडक्लार्क माणूस, पण मसाला वाटायला बसला की आईपेक्षा बारीक वाटायचा. काळजाचा तुकडा पहिला मला मिळायचा. भावाला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

आई गेली आणि चार महिन्यांनी तुम्ही आमच्याकडे आलात. सहा महिने राहायचं ठरलं होतं. मला वाटलं होतं, इथली हवा, नातीचा सहवास, तुमचं मन रमेल. काय रमणार? सकाळी आठला मी आणि तुमचे जावई आपापल्या गाड्या काढून जायचो, सात वर्षांची नात पिवळ्या बसनं शाळेत जायची आणि तुम्ही खिडकीत बसून समोरच्या घरासमोरचं गवत बघायचात. रस्त्यानं माणूस चालताना दिसत नाही, असं तुम्ही मला तीनदा म्हणालात. नात तुमच्याशी इंग्रजी बोलायची, तेही तोंडातल्या तोंडात आणि भरभर. तुमचं इंग्रजी कचेरीतलं, कागदावरचं. एखादा अर्ज तुम्ही असा लिहायचात की कलेक्टरनं वाचत बसावं, पण या पोरीचं एक वाक्य तुमच्या पदरात पडत नव्हतं. मग दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचात आणि ती टीव्हीकडे वळायची.

आणि तुम्ही जेवत नव्हता. त्याचा मला जास्त घोर लागला होता. इथली कोंबडी तुम्हाला कापसासारखी लागायची. बोकडाचं मटण तेव्हा इथे मिळत नव्हतं. दुकानात मी ‘मटन’ मागितलं की खाटीक हसायचा आणि मेंढराचं काढून द्यायचा, त्याच्या उग्र वासानं तुम्ही ताटावरून उठला होतात. दहीभात चार घास, एखादी पोळी, बस्स. तुमचा शर्ट गळ्याशी सैल झालेला मला दिसत होता. आई गेल्यावर तुम्ही जेवण सोडलंत असं भावानं पत्रात लिहिलंच होतं. मी मनाशी म्हणाले होते, माझ्याकडे आले की मी बघते. माझ्याकडे येऊन तुम्ही आणखी वाळलात.

नोव्हेंबरात एका रविवारी तुम्ही शांतपणे म्हणालात, “माझं तिकीट अलीकडचं करून घे. मला इथं भूक लागत नाही.” मी बरं म्हणाले आणि वर जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. मला माहीत होतं, तुम्ही परत गेलात की पुन्हा येणार नाही, आणि गावी त्या रिकाम्या घरात तुम्हाला जेवा म्हणायलाही कुणी नाही. भाऊ कोल्हापुरात, त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा, तिथे जायला तुम्ही तयार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या एका माणसानं मला पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. अंगानं आडवा, लाल चेहऱ्याचा, दरवर्षी शिकारीच्या मोसमात आठ दिवस रजा टाकून डोंगरात जाणारा माणूस. त्याचा फ्रीजर भरून वाहत होता, म्हणून तो सगळ्या ऑफिसात वाटत सुटला होता. तुझे वडील आलेत ना, त्यांनाही दे, म्हणाला. नको म्हणायचं जिवावर आलं. पाठीच्या कण्यालगतचा तुकडा आहे, म्हणाला, याला चरबी नाही, पातळ काप, तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम दोन-दोन मिनिटं धर, जास्त ठेवलंस तर चपलेचं कातडं होईल. पुडक्यावर काळ्या शाईनं ठळक अक्षरात काय आहे ते लिहिलं होतं. मी ते फ्रीजरच्या तळाशी, गोठवलेल्या मटाराखाली ढकललं आणि सोमवार, मंगळवार त्याचा विचार केला नाही असं स्वतःला सांगत राहिले.

बुधवारी तुमचे जावई कामासाठी टेक्सासला होते. सकाळी निघताना मी ते पुडकं खालच्या कप्प्यात काढून ठेवलं, म्हणजे ठरवलं होतंच, उगाच आव आणत नाही. सहाला घरी आले. पोरीला पास्त्याशिवाय दुसरं काही जात नव्हतं, म्हणून एका शेगडीवर पाणी उकळत ठेवलं. मांस कापायला घेतलं तर ते गडद लाल, जवळजवळ काळपट, आणि खरंच कुठे पांढरी रेघ नाही. सवयीनं हात कुकरकडे गेला. मटण म्हटलं की पाच शिट्ट्या हे हाडात मुरलेलं. मग त्या माणसाचं बोलणं आठवलं आणि कुकर परत ठेवला. तुम्ही गावाहून आणलेला कांदा-लसूण मसाला काढला, भरपूर लसूण ठेचला, कढईत तेल कडक तापवलं. मांसाच्या पट्ट्या टाकल्या, उलटल्या, काढल्या. त्याच तेलात मसाला, डब्यातले टोमॅटो, मिरी. रुंद पट्ट्यांचा पास्ता त्यात ओतला आणि वरून मांस. अर्ध्या तासात सगळं झालं. तुम्ही परसात जेवढा वेळ चूल पेटवायला घ्यायचात, तेवढ्यात.

तुम्ही वासानं आलात. मी हाक मारली नव्हती. कितीतरी दिवसांत तुम्ही आपणहून टेबलाशी येऊन बसला नव्हता. ताटात बघून म्हणालात, “ह्या चकोल्याच की गं.” मी हसले. तुम्ही एक घास घेतलात, चावलात आणि थांबलात.

“कसलं मटण हे?”

“मटण,” मी म्हणाले.

तुम्ही दुसरा घास घेतलात, तिसरा घेतलात. तेवढ्यात तुमची नात, जिला त्या दिवसांत नुकतं वाचायला येऊ लागल्यामुळे दुकानाच्या पाट्यांपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सगळं मोठ्यानं वाचायचं वेड लागलं होतं, ओट्यावरच्या त्या पांढऱ्या कागदाकडे बघून म्हणाली, “मॉम, इज धिस डिअर?”

मी उठून तो कागद कचऱ्यात टाकला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिच्याकडे. आणि तुमचा चेहरा उजळला. “तुला डिअर म्हणते होय गं ही?” म्हणालात. “चांगलं वळण लावलंयस.”

मी हो म्हणाले. त्या संध्याकाळची ही दुसरी लपवाछपवी, आणि पहिलीपेक्षा सोपी गेली. तुम्ही पोरीकडे बोट करून म्हणालात, “यू ऑल्सो डिअर.” ते मात्र तिला स्वच्छ कळलं, म्हणजे तिच्या परीनं कळलं. तिनं दोन्ही हातांची बोटं पसरून डोक्यावर शिंगं धरली आणि खुर्चीत उड्या मारायला लागली. तुम्ही हसलात. आई गेल्यानंतर मी तुम्हाला हसताना पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, चष्मा काढून पुसलात, ताटाकडे थोडा वेळ बघत राहिलात आणि मग ताट माझ्यापुढे केलंत. “वाढ अजून,” म्हणालात.

तिकीट तुम्ही बदललं नाहीत. पुढे महिनाभर त्या शिकारी माणसाकडून मी मागून मागून पुडकी आणली, आणि तुमचे जावई घरी नसले की त्याच चकोल्या करत राहिले. तुम्ही नातीला डिअर म्हणायचात, ती शिंगं धरायची. एवढ्या एका शब्दावर तुम्हा दोघांचं जमून गेलं. तुम्ही तिला बुद्धिबळ शिकवलंत, तिनं तुम्हाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला नेलं. फेब्रुवारीत तुम्ही परत गेलात तेव्हा शर्टाची कॉलर पुन्हा गळ्याला लागत होती. मी विमानतळावरून गाडी चालवत येताना मोठ्यानं बोलत होते, एकटीच. सांगून टाकायला हवं होतं, म्हणत होते. पण कधी सांगायचं? जेवताना? तुम्ही ताट पुढे करता, तेव्हा?

ऑगस्टात तिच्या आठव्या वाढदिवसाला तुमचं कार्ड आलं. शाईच्या पेनानं, तुमच्या त्या उजवीकडे झुकलेल्या सुंदर इंग्रजी अक्षरात मोजकेच शब्द होते: माझ्या डिअरला आजोबांकडून. आणि डिअर लिहिताना तुम्ही डी, डबल ई, आर लिहिलं होतंत. लाडकीचं नव्हे, हरणाचं. मी ते कार्ड हातात धरून पोस्टाच्या पेटीपाशीच उभी राहिले. तुम्ही तीस वर्षं रोज त्या दुसऱ्या डिअरनं पत्रं सुरू केलीत, डिअर सर, डिअर सर, हजारो वेळा. नववीत माझ्या अर्जात एका शब्दातली दोन अक्षरं उलटी पडली होती, तेव्हा तुम्ही अर्ज फाडला होतात. येत नसेल तर मराठीत लिही, पण चुकीचं लिहू नकोस, म्हणाला होतात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

त्यानंतर तुम्ही सव्वा वर्ष होतात. महिन्यातून एकदा मी गावी शेजाऱ्यांकडे फोन लावायचे, तुम्ही आधीच येऊन बसलेले असायचात. गोळ्या घेता का, झोप लागते का, जेवता का. जेवतो, म्हणायचात. आवाज मागे-पुढे व्हायचा, आपण दोघं एकाच वेळी बोलायचो आणि एकाच वेळी गप्प व्हायचो. त्या गप्प होण्यात माझ्या ओठावर यायचं. एका वाक्याचं काम होतं: तुम्हाला कळलं होतं का?

आता हर्नडनमध्ये आपल्या लोकांची चार दुकानं आहेत, बोकडाचं मटण हवं तसं तोडून देतात. मी जाते, आणते, पाच शिट्ट्या करते. मला ते आता फारसं लागत नाही. तुमच्याएवढं माझं वय झालं आहे, आणि संध्याकाळी सहा वाजले की मला तुमची फार आठवण येते, आबा. इतकी, की कधी कधी एक ताट जास्त घेतलं जातं.

हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्ये राहील, त्या कार्डाखाली. पण लिहितेच आहे तर खरं लिहिते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी फोनवर विचारलं नाही, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही सगळं ओळखून ताट पुढे केलंत, असं मी धरून चालले होते, आणि त्यावरच माझं भागत होतं. मी विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, ‘अगं, स्पेलिंग चुकलं वाटतं, आता माझ्या लक्षात राहत नाही,’ तर? मला ते ऐकायचं नव्हतं.