दोन काठांची जमीन आणि हातानं लिहिलेलं पुस्तक

मी, विठाबाई मारोती मुनेश्वर, वय सत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका (मराठी माध्यम), राहणार मौजे निंबधरी, मंडल जैनथ, जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्म्याचा नंबर गेल्याच महिन्यात तपासला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. टाकणारे टाकून थकले, हेही नमूद करते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा हर्षदीप यास द्यावं. माझे पती कालकथित मारोती यांनी दुसऱ्याच्या शेतात सालदारी करत त्याचा पाया भरला, भिंती माझ्या पगारातून उठल्या. याच गावात सासरे निजामाच्या राज्यात जन्मले, मारोती हैदराबाद राज्यात, हर्षदीप आंध्र प्रदेशात आणि नात तेलंगणात. गाव सोडून कुणी कुठं गेलं नव्हतं.

२. गावालगतची दोन एकर हर्षदीप व मुलगी रश्मी यांना समसमान. पैनगंगेपलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातली दीड एकर मला माहेरची मिळाली. ती एकट्या रश्मीची. हर्षदीप म्हणायचा, "आई, विकून टाक ना ते. दोन राज्यांचे तहसील कोन फिरन?" मी फिरले, तीस वर्षं. अलीकडं पट्टादार पासबुक, पलीकडं सातबारा. माती दोन्हीकडं काळीच. रश्मीनं ती विकू नये, ही माझी विनंती आहे, अट नव्हे.

३. लोखंडी कपाटातल्या सात वह्या. यांच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी दहावीचं सामाजिक शास्त्राचं पुस्तक बदललं. तेलुगू पुस्तकं जूनमध्ये आली, मराठी आलीच नाहीत. गावच्या शाळेत दहावीला मराठीत चौदा मुलं होती. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शिक्षण कार्यालयात गेले. तिथले साहेब (नाव लिहीत नाही, आता तेही निवृत्त आहेत) म्हणाले, "मराठी किताब नहीं आती. बच्चों को तेलुगू में डालो, नहीं तो महाराष्ट्र भेज दो."

मी घरी आले आणि वही घेतली.

तेलुगू मला बोलता यायचं, वाचताना मात्र अडखळायचे. तेलुगू वर्गाच्या बाई भाग्यलक्ष्मी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाचायच्या, अर्थ सांगायच्या. मी मराठीत लिहायचे. असं पाच महिने चाललं. राज्यांच्या पुनर्रचनेचा धडा आला तेव्हा त्या वाचता वाचता थांबल्या. "एक भाषावाले लोक एक राज्यात आले, असं आहे इथं. विठाबाई, तुमी हे कसं लिहिणार?"

मी दीड वर्षाची असताना राज्यांमधली ती रेषा आखली गेली. लोक म्हणतात, चुकीची आखली. नदीपलीकडच्या पांढरकवड्याहून निंबधरीपर्यंत मी अनेकदा पायी आले आहे. मराठीत तेलुगू कुठं मिसळायला लागते ती जागा मला कधी सापडली नाही. गोंडी तर दोघींच्या आधीपासून इथं आहे. तिला कुणी विचारलंच नाही. रेषा कुठंही आखली असती तरी कुणाचं तरी अंगण कापलं गेलंच असतं. कापलेल्या अंगणात राहायचं कसं, एवढंच आपल्या हाती.

"जसं आहे तसंच लिहू," मी म्हणाले. "खाली एक ओळ माझी." ती ओळ अशी: काही गावं रेषेवर राहिली, त्यांना दोन्हीकडचं वाचता यायला हवं.

चौदाच्या चौदा पास झाले. पुढच्या जूनमध्ये तेच साहेब जीपमधून शाळेत आले. इतर मराठी शाळांसाठी माझ्या वह्यांची झेरॉक्स हवी होती. मी दिली, पण आधी त्यांना तासभर मुलांसमोर बसवलं, चहा पाजला आणि तो धडा मराठीत ऐकवला. आयुष्यात इतका गोड चहा मी प्यायले नाही.

त्या चौदांतली अश्विनी मागल्या वर्षी याच शाळेत शिक्षिका झाली. सातही वह्या तिच्या.

४. चंपतराव, अश्विनीचे आजोबा, यांनी तेव्हा पारावर विचारलं होतं, "मराठी शिकवून पोरांले कुठं धाडता बाई, नदीत?" आता ते नातीचा पगार सगळ्यांना सांगत फिरतात. त्यांच्यावरचा माझा राग मी याद्वारे कायमचा सोडत आहे. तो कुणालाही वारसाहक्कानं मिळणार नाही.

५. बँकेतली ठेव शाळेच्या वाचनालयाला. पुस्तकं मराठी, तेलुगू आणि मिळाली तर गोंडी घ्यावीत.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं करावा. शोकसभेत कुणी "विठाबाई जन्मली तिकडं, अडकली इकडं" असं म्हणू नये. मी अडकले नव्हते. मी इथं राहिले, आणि जिंकले.

७. भाग्यलक्ष्मीबाईंना काही ठेवलेलं नाही, याचं कारण लिहिते. माझी सोन्याची अंगठी त्यांना द्यायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. मी बाईंना विचारलं, "अंगठी घेता का साक्ष देता?"

त्या म्हणाल्या, "अंगठी कुणालाही द्या. साक्ष मीच देणार. पाच महिने मीच बघितलं ना."

अंगठी नातीस द्यावी.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही ओळ खोडावीशी वाटली नाही. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

(सही) विठाबाई मारोती मुनेश्वर

साक्षीदार:
१) मोतीराम शेंडे, निवृत्त पोस्टमन, निंबधरी
२) भाग्यलक्ष्मी, शिक्षिका, निंबधरी. बाईंनी सही तेलुगूत केली आहे. ती तशीच वाचावी.

स्थळ: निंबधरी
दिनांक: २१ डिसेंबर २०२५