फाटकाशी सगळे एकदम

३ जानेवारी, रविवार, सकाळी ९.४०
रनिंग क्लबच्या हंगामी स्पर्धेचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली. बाकीचे तेरा जण तेव्हा चहा पीत होते, पण नाही कोणी म्हणालं नाही.

योजना: सहा शर्यती, दर तिसऱ्या रविवारी, पाच किलोमीटर. पहिल्याला चौदा गुण, शेवटच्याला एक. सहाव्या शर्यतीनंतर बेरीज जास्त त्याला ढाल. फक्त क्लबच्या मेंबरांसाठी, बाहेरचा कोणी नको.

आणि हँडिकॅप. जो सगळ्यात हळू धावतो तो सगळ्यात आधी सुटणार, जो वेगवान तो शेवटी. हिशेब बिनचूक असेल तर सगळे शेवटच्या रेषेवर एकाच क्षणी पोचतील. मी वजनमापं खात्यात तपासनीस आहे. बावीस वर्षं लोकांचे तराजू तपासतोय, हिशेब चुकणार कसा?

शेवटची रेषा म्हणजे बागेचं मागचं लोखंडी फाटक. सव्वादोन फूट रुंद, एका वेळी एकच माणूस जातो. म्हणजे कोण आधी नि कोण नंतर यावर वादच नाही. स्प्रिंग असल्याने ते आपोआप बंदही होतं.

मेहुण्याने विचारलं, भावोजी, सगळे खरंच एकदम आले तर? मी हसलो. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला हिशेबातलं काय कळणार. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. क्लब आम्ही दोघांनी अकरा वर्षांपूर्वी काढला. अकरा वर्षांत त्याने मला प्रत्येक वेळी हरवलंय. यंदा त्याला हरवायचंच असं काही माझ्या मनात नाही. पण एकदा, फक्त एकदा, तो माझ्या मागून यावा. इतकं काही फार मागत नाही मी.

१० जानेवारी
हँडिकॅप ठरवायला सगळ्यांची वेळ घेतली. मेहुणा २२ मिनिटं. मी ३९. मी मुद्दाम हळू धावलो. त्यामुळे मला त्याच्याआधी १७ मिनिटं सुटायला मिळणार, आणि शर्यतीच्या दिवशी खरा वेग दाखवणार. याला फसवणूक म्हणत नाहीत, याला पूर्वतयारी म्हणतात.

१७ जानेवारी, पहिली शर्यत
ऐतिहासिक यश! चौदापैकी अकरा जण चार सेकंदांच्या आत फाटकाशी. इतका अचूक हँडिकॅप कुठल्या क्लबात लागला असेल असं मला वाटत नाही.

किरकोळ घटना: वेल्डर (आमच्यातला सगळ्यात जाड) खांद्यांसकट फाटकात अडकला. त्याच्या पाठीवर पाच जण आदळले. गणिताच्या बाई त्याच्या काखेखालून शिरल्या आणि जाता जाता दंतवैद्याच्या नडगीवर लाथ हाणून गेल्या. दंतवैद्याने वेल्डरच्या मानेत बुक्की घातली, कारण बाई तोवर निघून गेल्या होत्या. वेल्डर सुटला तो फाटकाची वरची कडी घेऊनच.

मेहुणा पहिला. मी पाचवा. जीव तोडून धावलो. वेळ ३९ मिनिटं २ सेकंद. स्टॉपवॉच तपासायला हवं.

बायको नर्स आहे, औषधाची पेटी घेऊन उभी होती. पेटीतला सगळा कापूस संपला. म्हणाली, अहो, रेषा तेवढी मैदानात न्या ना, मोकळ्यावर. मी सांगितलं, रेषा ही तत्त्वाची गोष्ट आहे.

७ फेब्रुवारी, दुसरी शर्यत
हिशेब आणखी सुधारला. चौदाच्या चौदा जण तीन सेकंदांत. डोळ्यांत पाणी आलं. काही अंशी ते वेल्डरचं बोट डोळ्यात गेल्यामुळे.

बाईंनी स्टीलची पाण्याची बाटली फिरवली. त्यांच्या मते तहान लागली होती. दंतवैद्याचा पुढचा दात अर्धा गेला. आसपास दुसरा दंतवैद्य नाही, त्यामुळे बिचाऱ्याने आरशात बघून स्वतःच बसवला. मी सहावा. मेहुणा दुसरा. तो आधी पोचला होता, पण पडलेल्या कोणाला तरी उचलत बसला. असल्या स्वभावाने माणूस चॅम्पियन होत नाही.

संध्याकाळी नियम अकरा लिहिला: फाटकाच्या दहा मीटर आत कोपर अंगाला चिकटलेलं असावं. मूठ उघडी असावी. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो.

९ फेब्रुवारी
शब्दाचा मार पुरला नाही. दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये तातडीची मीटिंग. रेषा मैदानात न्यावी असा ठराव आला. बाजूने बारा, विरुद्ध एक, मेहुणा तटस्थ. प्रमुखाचं मत निर्णायक असतं असं मी समजावून सांगितल्यावर ठराव फेटाळला गेला. यावर वेल्डरने खुर्ची भिरकावली. ती मला लागली नाही, माशांच्या टाकीत गेली. पाय घसरून बाई पडल्या, बाईंच्या अंगावर दंतवैद्य पडला आणि नडगीचा हिशेब तिथेच चुकता झाला. बायकोने ओंजळीने मासे उचलून बादलीत टाकले. सगळे जगले.

घरी येताना बायको चार पावलं मागे चालत होती. थकली असेल.

२८ फेब्रुवारी, तिसरी शर्यत
लोक तयारीने येऊ लागलेत, हे स्पर्धेच्या लोकप्रियतेचं लक्षण. वेल्डरने स्वतःसाठी पत्र्याची कोपरं बनवून आणली. दंतवैद्याने सगळ्यांना दातांवर बसवायला रबर वाटलं. बाईंच्या कमरेला कर्कटक होतं. मी ते जप्त केलं. देताना त्यांनी टोकाकडून दिलं.

फाटकाशी अडीच सेकंदांत चौदा जण. पत्र्याच्या कोपराचा आवाज लांबवर जातो. दोघांच्या भुवया फुटल्या, एकाच्या कानाचा लचका तुटता तुटता राहिला, आणि तो चावा कोणाचा हे रबरावरून कळेना. मेहुणा पुन्हा पहिला. मी चौथा. त्याचे ४१, माझे ३०.

अकरा गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून सराव.

१ मार्च
गुडघा.

२ मार्च
दुसरा गुडघा.

५ मार्च
सरावापेक्षा मनाची तयारी महत्त्वाची असते. पलंगावर पडून डोळे मिटले आणि फाटक डोळ्यांसमोर आणलं. मेहुणा मागे होता. फार छान वाटलं. झोप लागली.

जागा झालो तेव्हा बायको फोनवर भावाशी हळू आवाजात बोलत होती. मला बघून विषय बदलला.

२१ मार्च, चौथी शर्यत
पहिला! मी! पहिला!

नेहमीचा लोंढा फाटकाशी आला, गुद्दागुद्दी सुरू झाली, आणि माझ्यासमोर अचानक वाट मोकळी झाली. गर्दी दोन बाजूंना सरकली. याला दरारा म्हणतात. मेहुणा त्याच गर्दीत कुठेतरी चेंगरला होता, सातवा आला. वेल्डरच्या पत्र्याने त्याची भुवई उघडली होती, तीन टाके. बिचाऱ्याचं वय झालं. एकेचाळीस.

बायकोला म्हटलं, बघितलंस? म्हणाली, बघितलं हो. आता खूश ना? मग आता थांबवा हे. मी म्हटलं, आत्ता कुठे फॉर्म सापडलाय.

११ एप्रिल, पाचवी शर्यत
पुन्हा पहिला. वेळ ३९ मिनिटं ४ सेकंद. वेग तोच, पण दर्जा वाढलाय.

मेहुणा सहावा. फाटकाजवळ दोन्ही हात पसरून उभा होता, दम लागला असावा. वेल्डर त्याच्या बरगड्यांवर ठोसे मारत, अरे सरक, मूर्खा, असं ओरडत होता. बाईंनी बाटली वापरली. तरी हा जागचा हलला नाही. मार खाण्यातही एक आळशीपणा असतो माणसाचा.

तो ५८, मी ५८. सगळं शेवटच्या शर्यतीवर. बायको त्याच्या बरगड्यांना पट्टी बांधत होती. मी जवळ गेलो तर दोघं गप्प झाली. हार पचवायला वेळ लागतो.

१ मे
उद्याची योजना. बरोबरीत मेहुणा गाफील असणार नाही. मला पुढे जाऊ देणार नाही. दोन शर्यतींत तो फाटकाशी रेंगाळतोय, हा योगायोग नाही. जागा हेरून ठेवतोय. फाटक अडवून धरायचं आणि आपण शेवटच्या क्षणी शिरायचं, असा हा डाव. लिफ्टवाला आहे, दारं कधी बंद होतात ते त्याला कळतं.

२ मे, शेवटची शर्यत, सकाळी ८.१५
जिंकलो. ढाल माझी. तपशील नंतर.

२ मे, दुपारी
तपशील. मी शेवटच्या वळणावर आलो तेव्हा मेहुणा फाटकाच्या तोंडाशी कडेला उभा होता. पाठ गर्दीकडे, तोंड माझ्याकडे. एक हात फाटकावर. मागून तेरातले बाकी बारा जण त्याच्या पाठीत गुद्दे घालत होते. माझा अंदाज खरा ठरला होता. तो काहीतरी ओरडलाही, भावोजी, असं काहीतरी. मी वेग कमी केला नाही. माझं कोपर धावण्याच्या नैसर्गिक गतीत वर आलं आणि त्याचं तोंड त्या गतीच्या मार्गात आलं. दोन दात. पुढचे. ओठ आरपार.

मी आत गेलो. मागे फाटक आपटलं. ऐन ढालीच्या शर्यतीत तो माझ्या मागे होता. खाली पडलेला होता, पण मागे होता.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वेल्डरने पत्र्याची कोपरं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाई गवतात गुडघ्यांवर बसून दात शोधत होत्या.

३ मे
चौकशी समिती नेमली. सदस्य: मी. तीन पानी अहवाल तयार. निष्कर्ष: नियम अकराचा भंग झालेला नाही, संबंधित खेळाडू चुकीच्या जागी उभा होता.

बायकोला वाचायला दिला. तिने तिन्ही पानं वाचली. मग एकच विचारलं, मुद्दाम मारलंत का? मी म्हटलं, पान दोन बघ. ती म्हणाली, आपलेच दात नि आपलेच ओठ, असं म्हणायचीही सोय ठेवली नाहीत. दातच ठेवले नाहीत. बॅग भरली आणि भावाकडे गेली. त्याला पातळ करून भरवायला कोणीतरी हवं म्हणे.

९ मे, रविवार
क्लबमध्ये गेलो. बक्षीस समारंभ ठेवला होता. कोणी आलं नाही. माळ्याला उभं करून ढाल त्याच्या हातून घेतली. त्याने विचारलं, कशाबद्दल? मी सांगितलं. म्हणाला, हां, ते दर रविवारी मारामारी करतात ते.

१२ मे
घरात आवाज नाही. दोन वेळा बायकोला हाक मारली, सवयीने.

मी चुकलो असं नाही. पण अहवालातलं पान दोन पुन्हा वाचलं आणि ते मलाच पटेना. कोपर हाताच्या मध्यावर असतं. त्याच्या गालावर जो वण उठलाय तो गोल आहे. स्टॉपवॉच माझ्या मुठीत होतं.

१५ मे, दुपारी ४
वेल्डर रस्त्यात भेटला. मी तोंड चुकवणार होतो, त्यानेच अडवलं. मला वाटलं आता मारणार. मारलं नाही. म्हणाला, साहेब, एक सांगू? तो फाटक अडवत नव्हता. तुमच्यासाठी उघडं धरून उभा होता. पाठीने आम्हाला थोपवत होता, तुम्ही पोचेपर्यंत. मार्चपासून. आम्ही त्याला एवढं बडवलं ते त्यासाठीच. तुमच्या मिसेसनी सांगितलं होतं त्याला, एकदा जिंकू दे त्यांना, म्हणजे हे सगळं थांबेल आणि कोणी मरायचं नाही.

मी विचारलं, तिन्ही वेळा? म्हणाला, तिन्ही वेळा. मी घरी आलो आणि तीन शर्यती वजा करून माझी जागा काढायला बसलो. मग कागद फाडला.

१६ मे, रविवार, सकाळी ११
मेहुण्याकडे गेलो. दार बायकोने उघडलं, आत या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. तो खुर्चीत बसून लापशी पीत होता. ओठ अजून सुजलेला. मला बघून उठायला लागला. माझ्या उजव्या हाताकडे बघून त्याने पहिलं काय विचारलं तर, भावोजी, बोटांना फार लागलं नाही ना?

मी म्हटलं, मी मुद्दाम मारलं. मूठ होती. तू पुढे राहशील याची मला भीती वाटली.

तो म्हणाला, माहितेय. समोरूनच बघत होतो मी. बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला रडू आलं. बावन्नाव्या वर्षी, लापशीच्या वाटीसमोर.

वाटी खाली ठेवून तो म्हणाला, पुढच्या रविवारी मैदानात या धावायला. सगळे येतात हल्ली, मी चालत असतो त्यांच्याबरोबर. गुणबिण नाहीत, फाटकापर्यंतही जात नाही. मी विचारलं, मग थांबता कुठे? म्हणाला, जो आधी दमेल त्याच्यापाशी सगळे थांबतात.

तो मीच असणार. मी येतो म्हणालो.