भट्टीच्या दारावरचा पंजा

रत्नागिरी,
ता. १४ नोव्हेंबर १९३४

चि. धाकू यास राहीताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. भात झोडून झालं. गाय व्याली, पाडी झाली. तुझ्या गिरणीत काम चालू आहे ना?

आपला चिनी मातीचा कारखाना विकला गेला. स्वस्त जपानी कपबशांनी तो बंद पाडला त्याला चार वर्षं झाली, आता एका व्यापाऱ्याने सुकी मासळी साठवायला घेतलाय. गोदाम राहणार. धुराडंही राहणार, कारण पाडायला वर कोण चढणार? भट्टी मात्र विटांसाठी फोडायची ठरली. तुझी शेवटची भट्टी, जशी बंद होती तशीच.

पुढचं लिहायला हात अडतोय.

सोमवारी आम्ही सगळे बघायला गेलो. तू जाळ विझू दिलास, माल नासला, असं म्हणून तेव्हा आप्पांनी तिथेच तुला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. ते भट्टीचे मुकादम, त्यांच्या शब्दावर मालकाने भट्टी न उघडताच कुलूप घातलं, आणि धाकूने कारखाना बुडवला असं लोक आजवर म्हणत आले.

रीत तुला ठाऊकच आहे. दार विटांनी बुजवणाऱ्याने ओल्या मातीवर आपला पंजा उमटवायचा, आणि उघडायचंही त्यानेच. तू नाहीस, म्हणून भट्टीवरचा जुना केरूकाका तुझ्या पंजाला हात जोडायला पुढे झाला आणि तसाच उभा राहिला. पंजाची करंगळी अर्धीच होती. मातीच्या चक्कीत अर्धी करंगळी गेलेला माणूस आपल्याकडे एकच.

दार फोडलं. आत बरण्या, थाळ्या, कपबशा, सगळा माल शाबूत. पांढरा स्वच्छ. 

मग आप्पाच बोलले. “धाकू ग्येला नि मी दार उगडलं. माल चांगला व्हता. परत लिपून टाकलं.”

का, असं मी विचारलं.

“सगल्यांच्या म्होरं मारलेलं. चुकलो म्हनायला तोंड उगडंना.”

धाकू, मी हादरून गेले आहे. तुझं नाव निघालं की आप्पा ताटावरून उठत. बापाचं दुःख आहे समजून मी तुझं नाव घेणंच सोडलं होतं. आता त्यांच्याकडे पाहिलं की घरात कोणी परका बसलाय असं वाटतं. रागाने रडूसुद्धा येत नाही.

ते शनिवारच्या बोटीने तुझ्याकडे निघालेत. मुंबई त्यांनी कधी पाहिलेली नाही. तुझ्या चाळीतल्या माणसांसमोर आपल्या तोंडाने सांगणार म्हणतात. हे पत्र आधी पोचेल. धक्क्यावर त्यांना घ्यायला जा, असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. मी त्यांच्याशी सोमवारपासून एक शब्द बोललेले नाही. वाटेसाठी भाकऱ्या मात्र बांधून देणार आहे.

तुझी ताई, आणि काय करणार, त्यांचीच मुलगी,
राही