पहिला धोंडा आणि मुकं बटन

१९ जुलै २०२३, बुध.
अधिक लागला. जयूच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावई संदीपराव नांदेडहून धोंडे खायला येणार. सौ.चं फर्मान : "शर्ट मी आणते. तुम्हाला दिसतंय कुठं?" चाळीस वर्षांच्या संसारात हिला आजच आठवलं! म्हटलं, आहेर मीच घेणार, एकट्यानं. फोन वाचून दाखवतोच की. ही रोजनिशी त्याला सांगूनच तर लिहून राहिलो.

२० जुलै
दुकानाचं अ‍ॅप उघडलं. फोन म्हणतो, "चित्र. चित्र. बटन. बटन." कशाचं चित्र, कशाचं बटन, पत्ता नाही. सौ.च्या खानावळीतली कोचिंगची पोरं, "काका, आम्ही दाबू का?" अभ्यास करा म्हटलं. अंदाजानं दाबलं. पैसे कटले. म्हणजे शर्ट आला! खूष.

२५ जुलै
पार्सल. कापड लई मऊ. सौ. गप्प. ही गप्प म्हणजे काहीतरी भयंकर. मग : "गुलाबी मॅक्सी हाय. झालरीची." पोरांना ताटावर ठसका लागला.
परत करायला गेलो. "बटन. बटन. बटन." अरे नाव तर सांग, मेल्या!

२६ जुलै
गफूर वकिलाकडं. शाळेपासूनचा दोस्त. "दिव्यांगांना वापरता येईना असं दुकान मांडलं तर कायदा हाय ना यार! आधी नोटीस. न्हाई ऐकलं तर ग्राहक आयोग." दिली ठोकून. मला दया नको, बटनाला नाव पाहिजे.

६ ऑगस्ट, रवि.
धोंड्याचं जेवण. जावई पुरणाला हात लावेनात. रुसले म्हणून सौ. धास्तावली. अंगठी मागतात की काय!
"मामा, ती नोटीस मागं घ्या."
कुठली?
"ते अ‍ॅप मीच केलंय. मालक म्हणतो, सासऱ्याला आवर, नाहीतर घरी बस."
सौ.च्या हातातली तुपाची वाटी ठणकन खाली. लग्न ठरवताना "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच कळलं होतं. आम्ही पगार विचारला, पुढं कोण विचारतं?
सौ. : "अहो, जावयानं ताटावर मागितलंय, नाही म्हणू नका."
म्हटलं, संदीपराव, डोळ्याला उपरणं बांधा, फोन ऐकून एक शर्ट घ्या. जमलं तर नोटीस फाडतो. बांधलं बिचाऱ्यांनी. "बटन, बटन" ऐकत घाम फुटला. जेवण गार. शेवटी दाबलं एक. जयूनं बघितलं आणि हसत सुटली. तीच मॅक्सी!
हात धुताना हळूच म्हणाले, "मामा, मी हे कधी ऐकूनच पाहिलं नव्हतं."
रात्री झोप नाही. पोरीचं घर त्याच पगारावर.

२७ ऑगस्ट
जावयांचा फोन. "आता उघडा." उघडलं. "शर्ट, निळा, चौकडीचा." "पैसे भरा, बटन." घेतला! कुणाला न विचारता! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.
मग मॅक्सी परत करायला गेलो. "बटन. बटन."
जावई म्हणाले, "मालक म्हणतो, परत करायचं नंतर बघू."
वा रे! घ्यायचं बटन बोलकं, द्यायचं मुकंच. गफूरला सांगितलं, टाक आयोगात.

८ ऑक्टोबर, रवि.
उद्या आयोगात पहिली तारीख. मालकानं बाजू सांगायला जावयांनाच पाठवलंय. उतरलेत आमच्याकडंच, दुसरीकडं जातील कुठं? अंगात निळा शर्ट, मी हात लावून पाहिला. माप बरोबर.
"मामा, ते परत करायचं बटन... मला विचारतीलच ना?"
विचारणार. गफूर सोडतो का!
"आणि मी खरं सांगितलं तर..."
जयू फोनवर माझ्याशी बोलेना. आईशी बोलली.
अधिक संपून पावणेदोन महिने झाले, तरी सौ. धोंडे करतीय. त्या दिवशी जावयांनी धड खाल्ले नव्हते म्हणे. हिच्या अंगात गुलाबी मॅक्सी, पोरं सांगत होती.
उद्या मी आणि जावई, दोघं एकाच रिक्षानं. डबापण एकच दिलाय.