मनातला अंधार, प्रकरण चौथे

३ फेब्रुवारी. धुळे.
संकल्प: ३० मार्चच्या आत पीएचडीचा प्रबंध जमा. ही शेवटची मुदतवाढ, असं विद्यापीठाचं पत्र. नऊ वर्षांत धीर सुटला त्यांचा! विषय अहिराणी स्त्रीगीते. अहिराणी मला बोलता येत नाही (वडिलांच्या बदल्या), पण रक्तात आहे.

६ फेब्रुवारी. जळगाव.
विद्यापीठाच्या ग्रंथालयात साठ जुन्या कॅसेट. धुळ्याकडच्या बायकांची गाणी, अजून कोणीच उतरवून काढलेली नाहीत. ग्रंथपाल सुलक्षणाबाई म्हणाल्या, त्या भागातलं कोणी सोबत आणा, शब्द फसवे आहेत. मी म्हटलं, मॅडम, अठरा वर्षं कॉलेजात मराठी शिकवतोय. त्यांनी कॅसेटचं कपाट उघडून दिलं.

११ फेब्रुवारी.
सापडलं! कॅसेट सात, कापडण्याच्या वच्छलाबाई. एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘मनी अंधेर’. मनात अंधार! शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि केवढं अस्तित्ववादी दुःख!

२ मार्च.
प्रकरण चौथे पूर्ण. बेचाळीस पानं, तीन फ्रेंच तत्त्वज्ञ. कामिनीला वाचून दाखवायला गेलो. भरताची वांगी भाजत होती. म्हणाली, नंतर. बायकोला संशोधनाचं सोयरसुतक नाही.

९ मार्च.
गाईड तोताराम सर प्रकरणाला ‘धाडसी’ म्हणाले. स्तुतीच ही. सुलक्षणाबाईंचा हेका मात्र कायम: एकदा कोणाला तरी ऐकवा. ठीक. कामिनीचं माहेर कापडणंच. उद्या नेतो. तोंडं बंद होतील.

१० मार्च, दुपारी दोन.
कामिनीने हेडफोन लावले. आधी हसली. मग पदराने डोळे पुसले. मी सुलक्षणाबाईंकडे विजयी नजरेने पाहिलं. अंधार पोचला!
मग तिने माझी वही ओढून वाचली. म्हणाली, “बठ्ठं चुकेल शे.” सगळं चुकलंय म्हणे. अंधेर नाही, आंडेर. आंडेर म्हणजे लेक. मनी आंडेर, माझी लेक. आई सासरी गेलेल्या लेकीला विचारतेय, जेवलीस का.
मी शांतपणे समजावलं की अर्थाला अनेक पातळ्या असतात. ती म्हणाली, या बाईच्या गाण्याला एकच आहे. आणि कॅसेट उलटून दुसरी बाजू ऐकायला बसली. ग्रंथालय बंद होईपर्यंत उठली नाही. चहाही मी एकट्याने घेतला.

१४ मार्च.
साठही कॅसेट उतरवायचं काम सुलक्षणाबाईंनी कामिनीला दिलं. मला विचारलंही नाही. तोताराम सर म्हणतात, चौथं प्रकरण काढा, बाकीचं वेळेत जमा करा. साफ नकार दिला. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३० मार्च.
मुदत संपली. प्रबंध दिला नाही. माझ्या प्रबंधासाठी विद्यापीठाची अजून तयारी झालेली नाही, असं माझं मत झालं आहे.

७ एप्रिल. जळगाव.
कामिनीचा ग्रंथालयाचा मंगळवार. बसमध्ये तिची जाडजूड वही माझ्या मांडीवर. दारात रजिस्टर: नाव, गाव, येण्याचं कारण. शिपाई नूर महंमदभाईंनी तिच्यापुढे लिहिलं, ‘संशोधन’. माझ्यापुढे, ‘मॅडमसोबत’.
जाब विचारणार होतो. मागे रांग होती. सही ठोकली. नावाआधी ‘प्रा.’ मात्र लावलंच.