बॉनेटवर विल्यामीची पाठ

मंगळवार, १० मार्च
एन्सिओ आला. कोट काढायच्या आधीच म्हणाला, "आई, बर्फगाडी विकायची. शहात्तर वर्षांची झालीस, एकटी तळ्यावर जातेस, मला झोप लागत नाही." रविवारी गिऱ्हाईक येणार. मग बर्फाखालची मासळीची जाळी काय रांगत जाऊन काढू? पण गाडी लेकाच्या नावावर. वर म्हणतो, बॉनेट रंगवून ठेव, चार पैसे जास्त येतील.

बुधवार, ११ मार्च
बॉनेट स्वयंपाकघरात, टेबलावर. मी उभ्यानं जेवले. काचकागदानं घासलं, पिवळा रंग मारला. काय मजा येते त्यात! गाडी विकायचीय हेच विसरले. मांजरही पिवळं झालंय, शेपटीकडे थोडंसं.

गुरुवार, १२ मार्च
रंग वाळेना. बाहेर उणे वीस, आत वासानं डोकं धरलं. मग सुचलं — सौना! अंगणातली वाफेची खोली. मंद जाळ केला, बॉनेट वरच्या बाकावर भिंतीला टेकवून ठेवलं. स्वतःवरच खूश होऊन कॉफी प्यायले.
धुराडं लक्षातच आलं नाही. इथली रीतच, सौनाचा धूर दिसला की शेजाऱ्यानं यायचं, विचारत बसायचं नसतं. शेजारचा विल्यामी टॉवेल घेऊन सरळ आत. अंधारच तिथं. निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी ओतलं आणि ऐसपैस टेकून बसला.
"आउने, भिंतीला डिंक फासलायस का गं?"
पाठ पिवळीधमक. बॉनेटवर तिचा ठसा, मणक्यांसकट. टर्पेंटाइननं पाठ चोळत होते तर म्हणतो, "हळू, मी गाडी नाही." हसून हसून माझी बरगडी दुखतेय.

शुक्रवार, १३ मार्च
रंग संपला. दुकान लांब. एन्सिओला फोनवर सांगितलं. म्हणाला, "राहू दे, तसंच दाखवू."

रविवार, १५ मार्च
गिऱ्हाईक बॉनेटभोवती फिरलं. "हे काय?"
"शेजारी," मी म्हटलं.
तेवढ्यात विल्यामी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. "माझी उघडी पाठ परक्या गावात मिरवणार? गाडी मी घेतो." पैसे ठेवले, किल्ली उचलली. एन्सिओ सुटल्यासारखा हसला. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १६ मार्च
सकाळी विल्यामी दारात. मोतीबिंदू, त्याला चालवता येत नाही म्हणे. "तू पुढं बस, मी मागं. आता एकटी कुठं जातेस? सांग तुझ्या एन्सिओला."
जाळी भरून आली होती.